मीटिंगमधे तोंडून 'मोर चीपर' निघालं, आता काय करू?

पत्र आपल्या इंदूरच्या सुदामा नगरमधून आलंय. लिहिणारी छत्तीस वर्षांची, विजय नगरच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते, मुलगी पाचवीत. नाव नका छापू म्हणालीय, नाही छापत. पत्र लांब आहे, कामाचं तेवढं देते:

"मावशी, माझं शिक्षण हिंदी मिडियममधून झालं आणि घरी मराठी. इंग्रजी समजतं, मेल लिहिते, पण बोलताना गडबड होते. गेल्या महिन्यात मीटिंगमधे मी म्हटलं 'धिस व्हेंडर इज मोर चीपर' आणि लगेच पुढे एका सरांबद्दल 'ही इज सीनियर दॅन मी'. नवीन आलेला एक मुलगा खुदकन हसला आणि शेजारच्याला हळूच म्हणाला, 'मोर चीपर!' मला ऐकू आलं. तेव्हापासून मी तुलना करायचीच सोडलीय, 'धिस इज चीप, दॅट इज नॉट चीप' असं बालवाडीसारखं बोलते. लेकीच्या वर्कशीटमधला टॉल-टॉलर-टॉलेस्टचा तक्ता मला तोंडपाठ आहे तरी ऐन वेळी तेच होतं. कुठे ईआर लावायचं आणि कुठे मोर, काही सोपं आहे का? आणि त्या मुलाला काय सांगू?"

अगं, आधी मला हे सांग, व्हेंडर खरंच स्वस्त निघाला ना? मग तुझं म्हणणं मीटिंगमधे सगळ्यांना समजलं, हसणाऱ्याला पण समजलं, तेवढ्यावरून तोंड शिवून बसायची काही गरज नाही.

आणि 'सीनियर दॅन मी' चं म्हणशील तर ऐक. मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी सुट्टीच्या अर्जात मीसुद्धा हेच लिहिलं होतं, की अमुक बाई माझ्याहून सीनियर आहेत तर माझे तास त्यांना द्यावेत. वरच्या बाईंनी लाल पेनाने 'दॅन' ला गोल केला आणि अर्ज परत पाठवला. सुट्टी मंजूर, इंग्रजी नामंजूर. स्टाफरूममधे तो कागद आठवडाभर फिरला. तर मी काही उंचावरून बोलत नाहीये.

आता मुद्द्याचं. तक्ता पाठ असून उपयोग का होत नाही, तर गडबड तक्त्यात नाहीच, ती आपल्या वाक्यात आहे. हे बघ, आपण म्हणतो 'हा पेरू त्या पेरूपेक्षा गोड आहे'. यात 'गोड' ला काय झालं? काहीच नाही, गोड होता गोड राहिला. जे काय चिकटलं ते दुसऱ्या पेरूला चिकटलं, 'पेक्षा'. म्हणजे मराठीत तुलनेचं सगळं ओझं त्या दुसऱ्या वस्तूच्या डोक्यावर. हिंदीत पण तेच, 'उससे मीठा', मीठा जागचा हलत नाही. इंग्रजीत 'दॅन' असतंच, पण त्याच्या आधी विशेषणाला स्वतःला बदलावं लागतं, स्वीटचं स्वीटर झाल्याशिवाय वाक्य उभंच राहत नाही. आपल्याला ती सवय नाही म्हणून घाईत दोनपैकी एक होतं, एकतर माणूस विशेषण तसंच ठेवतो, 'धिस इज स्वीट दॅन दॅट', नाहीतर काहीतरी बदलायचं होतं एवढं आठवतं आणि मग भीतीपोटी दोन्ही लावून टाकतो, मोर पण आणि ईआर पण. तुझं दुसरं झालं. लग्नाला जाताना मंगळसूत्र विसरू नये म्हणून एक गळ्यात घातलं आणि एक पर्समधे पण ठेवलं, तसं.

आपल्या इंदुरात एक तिसरी चूक पण चालते, 'ही इज टॉलर फ्रॉम मी'. त्याचं मूळ मला फार आवडतं. 'तो इंदूरहून आला' आणि 'भोपाळ इंदूरहून लहान आहे', दोन्हीकडे तेच 'हून'. हिंदीत 'इंदौर से आया', 'इंदौर से छोटा', तेच 'से'. मग पोरं म्हणतात की एका ठिकाणी हून म्हणजे फ्रॉम, तर दुसऱ्या ठिकाणी का नाही? त्यांचं लॉजिक बरोबर आहे, फक्त इंग्रजीला ते मान्य नाही. तिथे तुलनेचा हून म्हणजे दॅन, आणि प्रवासाचा हून म्हणजे फ्रॉम.

आता 'मोर' चं औषध. यासाठी तुला इंग्रजीच्या पुस्तकात जायची गरज नाही, फक्त घरापासून हायकोर्टापर्यंत स्कूटीवर जा. हिंदी पाट्या वाच. शाळेवर काय लिहिलंय? 'उच्चतर माध्यमिक विद्यालय', म्हणजे हायर सेकंडरी. कोर्टावर 'उच्च न्यायालय', आणि दिल्लीचं ते 'उच्चतम न्यायालय'. उच्च, उच्चतर, उच्चतम. हाय, हायर, हायेस्ट. आपल्या पाट्यांवर संस्कृतचा अख्खा तक्ता लटकलाय आणि आपण रोज त्याखालून जातो. (महाराष्ट्रात ही गंमत नाही बरं का, तिकडे उच्च माध्यमिक आणि सर्वोच्च न्यायालय म्हणतात, मधली पायरीच गायब.) आता मला सांग, 'अधिक उच्चतर माध्यमिक विद्यालय' अशी पाटी दिसली तर तू हसशील की नाही? 'तर' मधे अधिक आलंच की. तसंच चीपर मधल्या त्या शेवटच्या 'अर' मधे मोर आधीच बसलाय. तोंडात 'मोर' आला की शाळेची पाटी आठव.

पण मला वाटतं तुझ्या 'मोर' चं खरं कारण अजून एक आहे, आणि हे वर्कशीटवाले सांगत नाहीत. तुला म्हणायचं होतं 'हा व्हेंडर बराच स्वस्त आहे'. थोडा नाही, बराच. जोर द्यायचा होता, आणि जोरासाठी हाताशी शब्द एकच होता, मोर. (काही जण 'व्हेरी चीपर' म्हणतात, ते पण चालत नाही, व्हेरी फक्त साध्या चीपला.) तो जोर इंग्रजीत 'मच' ने येतो. 'मच चीपर'. 'फार' पण चालतं, आपल्या मराठी फारसारखंच ऐकू येतं आणि काम पण तेच करतं, 'फार बेटर'. थोडासाच फरक असेल तर 'अ बिट चीपर', 'स्लाइटली चीपर'. तर तू मोर काढून टाकू नकोस, त्याच्या जागी मच ठेव. जीभ रिकामी जागा सहन करत नाही, तिला काहीतरी भरायला द्यावं लागतं. उद्याच्या मीटिंगला एवढं एक केलंस तरी अर्धं काम झालं.

आता कुठे ईआर आणि कुठे मोर. शब्द मोठ्याने बोल आणि किती ठोके पडतात ते मोज, म्हणजे स्वराचा आवाज किती वेळा येतो. एक ठोका असेल तर ईआर. दोन ठोके असून शेवटी 'ई' चा आवाज, म्हणजे स्पेलिंगमधे वाय, तरी ईआर, फक्त वायचा आय होतो. बाकी लांबलचक शब्दांना मोर. आता हे सराफ्यात जाऊन कर, कारण खाण्यासमोर माणूस खोटं बोलत नाही. दिवसा तिथे सोनं विकलं जातं आणि रात्री त्याच दुकानांसमोर ठेले लागतात, तर दिवसाचा माल 'कॉस्टलियर' किंवा 'मोर एक्स्पेन्सिव्ह', रात्रीचा 'चीपर' आणि माझ्या मते 'टेस्टियर'. जलेबा जिलेबीहून 'बिगर', मावा बाटी तिच्याहून 'हेवियर' आणि 'मोर फिलिंग', थंडीतला गराडू (तळलेला कंद) 'हॉटर', 'स्पायसियर', 'क्रिस्पियर', मक्याचा कीस 'सॉफ्टर', आणि हे सगळं खाऊन झाल्यावर आपण येताना होतो त्यापेक्षा 'फॅटर' आणि 'मोर टायर्ड'. टायर्ड ऐकायला छोटा आहे तरी त्याला मोरच लागतो, कारण तो मुळात क्रियापदापासून आलाय, बोअर्ड, बोअरिंग, टायरिंग, फिलिंग सगळे त्याच घरातले. फुल, लेस, अस असल्या शेपट्या असतील, केअरफुल, युसलेस, फेमस, तर मोर. आणि क्लेव्हर, सिंपल, नॅरो, क्वायट, पोलाइट असे काही दोन ठोक्यांचे शब्द आहेत ते दोन्हीकडे चालतात, सिंपलर म्हण की मोर सिंपल म्हण, कोणी हसणार नाही. त्यावर रात्र घालवू नकोस.

स्पेलिंगचं एकच सांगते कारण मेल लिहितेस. बिग, हॉट, थिन, फॅट, वेट, सॅड, हे छोटे शब्द, शेवटी एक व्यंजन आणि त्याआधी एकच स्वर, तर ते शेवटचं अक्षर दोनदा. क्लीन, चीप मधे दोन स्वर आहेत, तिथे एकदाच. गुड-बेटर-बेस्ट, बॅड-वर्स-वर्स्ट तुला येतातच. फक्त 'लेसर' पासून सांभाळ, 'लेसर ट्रॅफिक', 'लेसर मार्क्स' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ट्रॅफिक 'लेस', आणि मार्क्स मोजता येतात म्हणून 'फ्यूअर'. लेस मधे तुलना आधीच होती, त्यावर परत ईआर चढवलाय, म्हणजे तो पण तुझ्या मोर चीपरचा भाऊच, फक्त जुना झाला म्हणून काही ठिकाणी त्याला मान मिळाला.

आणि जुन्याचं निघालंच आहे तर, इंग्रज स्वतः एकेकाळी खुशाल मोर बेटर, मोस्ट हायेस्ट असं बोलायचे आणि लिहायचे पण. सोळाव्या शतकात ते चूक नव्हतं, जोर देण्याची रीत होती. पुढे व्याकरणवाले आले आणि त्यांनी नियम लावले, रॉबर्ट लाउथ नावाच्या पाद्र्याने 1762 साली व्याकरण छापलं त्यात अशा दुहेरी रूपांना अयोग्य ठरवलं. म्हणजे त्या मुलाचं हसणं साधारण अडीचशे वर्षं जुनं आहे, तुझी चूक त्याहून जुनी. आज ती चूकच आहे, तरी तिचं खानदान चांगलं आहे.

आपलं तरी काय वेगळं? 'स्वादिष्ट' शब्द घे. मूळ संस्कृतात तो स्वादिष्ठ, आणि त्यातला 'इष्ठ' म्हणजेच इंग्रजीतला 'एस्ट'. खरंच, दोन्ही मूळचे एकच, आणि स्वादु आणि स्वीट पण एकाच मुळातले. स्वादिष्ठ म्हणजे अक्षरशः स्वीटेस्ट. आणि आपण छप्पन दुकानला उभं राहून म्हणतो 'सगळ्यात स्वादिष्ट', म्हणजे मोस्ट स्वीटेस्ट! उत्तम मधे 'तम' आहे तरी सर्वोत्तम म्हणतो. ज्येष्ठ म्हणजे सगळ्यात मोठा, तरी सोसायटीत चाळीस ज्येष्ठ नागरिक असतात. कनिष्ठ म्हणजे सगळ्यात लहान, आणि ऑफिसात कनिष्ठ लिपिकांची रांग. शब्द घासून घासून त्याची धार गेली की लोक वरून अजून एक धार लावतात, भाषा कुठलीही असो. तुझ्या लेकीला हे सांग, तिच्या बाईंना पण आवडेल.

आता सीनियर. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, हे लॅटिनमधून आलेत आणि येतानाच तुलनेचे कपडे घालून आलेत, त्यांच्या शेवटचा 'इयर' हाच लॅटिनचा ईआर. त्यांना मोर लागत नाही आणि दॅन पण लागत नाही, त्यांच्याबरोबर 'टू' येतो. 'ही इज सीनियर टू मी.' प्रिफर पण याच पंगतीला, 'आय प्रिफर पोहा टू उपमा'. आपल्या गावात याहून खरं वाक्य नाही. बोलताना टू आठवत नसेल तर सरळ 'ही हॅज मोर एक्स्पीरियन्स दॅन मी' म्हण आणि पुढे जा. (दॅन मी की दॅन आय यावर भांडणारे भेटतील, बोलण्यात दॅन मी एकदम ठीक आहे.)

तसंच 'मोठा' शब्दाचं सांभाळ. 'माझा भाऊ माझ्याहून मोठा' हे घाईत 'बिगर दॅन मी' झालं तर समोरच्याला वाटतं भाऊ जाड आहे. 'ओल्डर दॅन मी'. एल्डर फक्त नात्याला चिकटून, 'माय एल्डर ब्रदर', त्याच्यापुढे दॅन नाही लावायचं.

सुपरलेटिव्हमधे, म्हणजे टॉलेस्ट, बेस्ट वगैरे, तू पत्रात काही विचारलं नाहीस पण ऑफिसात इंदूरचं कौतुक करायची वेळ येतेच, म्हणून दोन गोष्टी. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून आपण पहिले, तेव्हा 'इंदोर इज द क्लीनेस्ट सिटी इन इंडिया', यातला 'द' खाऊ नकोस, मराठीत द नसतो म्हणून तो आपल्या तोंडातून पडतो. मग जानेवारी 2024 मधे जो निकाल आला त्यात इंदूर आणि सुरत दोघांना मिळून पहिला नंबर दिला. त्या दिवशी आमच्या गल्लीत सुतक होतं. पण व्याकरणाच्या दृष्टीने तो दिवस फार छान, कारण एकटा क्लीनेस्ट म्हणता येईना आणि लोक 'वन ऑफ द क्लीनेस्ट सिटी' म्हणायला लागले. वन ऑफ म्हटलं की पुढे अनेकवचन, 'वन ऑफ द क्लीनेस्ट सिटीज'. अनेकांमधला एक ना, मग ते अनेक दिसले पाहिजेत. ही चूक मी चांगल्या चांगल्या साहेबांच्या भाषणात ऐकलीय, आणि माझी पैज आहे की तो हसणारा मुलगा पण 'वन ऑफ द बेस्ट कंपनी' म्हणत असणार, कान देऊन ऐक.

दुसरं, 'इंदोर इज क्लीनर दॅन एनी सिटी इन इंडिया' म्हटलं तर एनी सिटीत इंदूर पण आलं, म्हणजे इंदूर स्वतःहून स्वच्छ झालं. मधे 'अदर' घाल, 'एनी अदर सिटी'. आणि 'इंदोर्स वेदर इज बेटर दॅन नागपूर' मधे हवेची तुलना शहराशी होते, तिथे 'नागपूर्स' हवं. मराठीत आपण 'नागपूरपेक्षा' म्हणून चालवतो, तिकडे चालत नाही.

प्रॅक्टिस कशी करायची? तक्ता बंद कर. रोज ऑफिसला जाताना दोन गोष्टी समोर धर आणि मनात नाही, तोंडाने एक खरं वाक्य बोल. पलासियाचा सिग्नल विजय नगरच्या सिग्नलपेक्षा लांब की छोटा. आजची मेथी कालच्याहून महाग की स्वस्त. नर्मदा 1312 किलोमीटर, तापी 724, तर 'नर्मदा इज मच लाँगर दॅन तापी'. 2011 च्या जनगणनेत इंदूर 19 लाखांच्या वर, भोपाळ 18 लाखांच्या आत, 'इंदोर इज बिगर दॅन भोपाल', आणि राजधानी तरी भोपाळ, ते दुःख इंग्रजीत सांगायची प्रॅक्टिस वेगळी करू. लेकीला बरोबर घे, ती मराठीत म्हणेल 'आजी बाबांपेक्षा कडक' आणि तू इंग्रजीत, 'आजी इज स्ट्रिक्टर दॅन बाबा'. घरात ऐकायला गेलं तर मी जबाबदार नाही.

राहिला तो मुलगा. मीटिंगमधे त्याला काही बोलू नकोस, आणि त्याची चूक सापडली तरी चारचौघात पकडू नकोस, तुला कसं वाटलं होतं ते तुला माहीत आहे. पण एकटा चहाच्या मशीनपाशी भेटला तर सरळ हसून सांग, "भिया, त्या दिवशी मोर चीपर चुकलं होतं माझं, पुढच्या वेळी हसण्याऐवजी मला येऊन सांग, मी चहा पाजते." लाजला तर चांगला मुलगा आहे. नाही लाजला तर चहा वाचला. गप्प मात्र बसू नकोस, 'नॉट चीप' म्हणून तू जी माहिती गाळतेस ना, की कोण किती स्वस्त आणि कोण किती लेट, त्यासाठीच तुला मीटिंगला बोलावतात.

पत्राच्या मागे पेन्सिलने लेकीने विचारलंय की 'फन' चं 'फनर' होतं का. बेटा, एक ठोका आहे म्हणून तुझं बरोबर वाटतंय, पण फन आधी नाम होतं, विशेषण नंतर झालं, म्हणून वर्कशीटमधे 'मोर फन' लिही. मैत्रिणींशी बोलताना फनर म्हण, अमेरिकेतली मुलं पण म्हणतात. फक्त 'मोर फनर' नको, ते आईसाठी ठेव.

तुझी मावशी